वाटीतले बुडबुडे

कासा, ४ डिसेंबर १९६१

आले एकदाची. डहाणू रोडपासून एसटीने हाडं खिळखिळी केली, पण इथली हवा बघून सगळं माफ केलं. दवाखाना छोटा, धर्मादाय. डॉक्टर डहाणूहून येऊन-जाऊन असतात. नाकातून पोटात रबरी नळी घालून रोग्याला दूध कसं पाजायचं, ते इथल्या नर्सना शिकवायला मला मुंबईहून बोलावलंय. धनुर्वातात दातखीळ बसते. नळी नसेल तर माणूस उपाशीच जातो. थोरली नर्स बकुळा आशागडची, वडिलांची चिकूची वाडी. पाटीभर चिकू आणून म्हणाली, बाई, तुमच्या मुंबईत असले मिळायचे नाहीत. मी खाऊन बघितले आणि मुकाट हार मानली.

६ डिसेंबर

लक्ष्या नावाचा धनुर्वाताचा रोगी गेला. नळी श्वासनलिकेत शिरली होती आणि न तपासताच कुणी दूध ओतलं. मी सगळ्यांना फैलावर घेतलं. संध्याकाळी त्याची बायको रूपी ती नळी मागायला आली. माणूस शेवटचं ज्यातून जेवला, ते त्याच्याबरोबर पुरायचं, म्हणाली. इथे धड नळी एकच, नव्या मुंबईहून यायच्यात. मी नाही म्हटलं. उकळली की झाली स्वच्छ, असं समजावलंही. ती थोडा वेळ पायरीवर बसली, मग गेली.

८ डिसेंबर

पहिला धडा झकास झाला. शिकवणारीने आधी स्वतः नळी गिळावी हा माझा नियम. लक्ष्याची तीच नळी उकळून मुलींसमोर माझ्या नाकात घातली. बाहेरचं टोक पाण्याच्या वाटीत बुडवायचं. श्वासाबरोबर बुडबुडे आले तर नळी फुप्फुसात, थेंबभरही दूध द्यायचं नाही. माझीच नेमकी तिकडे गेली. ठसका लागला, वाटी खदखदली, मुली हसल्या. हसा, पण विसरू नका, म्हटलं. बकुळा हसली नाही. ही पोरगी शिकणार.

११ डिसेंबर

तलासरीकडच्या पाड्यावरून भिकी नावाची बाळंतीण आली. धनुर्वात. तान्ही मुलगी ओसरीवर आजीपाशी. आवाजाने, उजेडाने झटके येतात, म्हणून भिकीला अंधाऱ्या खोलीत ठेवलंय. दुपारी बकुळाने नळी घातली तर वाटीत बुडबुडे. काढून पुन्हा घातली. पुन्हा तेच. भिकीची छाती मात्र त्या तालात हलत नव्हती. मी धावत आल्याने दाराशी धापा टाकत होते. जरा दम खाल्ला, तसे बुडबुडे संथ झाले. मी श्वास रोखून पाहिला. पाणी स्थिर.

बकुळाने समाधानाने दूध ओतलं. मला ठसका लागला. रुमालावर दूध होतं. सकाळपासून मी कोऱ्या चहाशिवाय काही घेतलं नव्हतं.

१२ डिसेंबर

मनाचे खेळ म्हणून डहाणूला निघून गेले, समुद्रावर बसले. परतले तर बकुळा दारातच. दिवसभर बुडबुडे थांबेनात, म्हणून काही दिलं नाही. तुम्हीच शिकवलंय ना बाई, म्हणाली. भिकीची नाडी खोल गेली होती. मी तिथेच उभी राहिले आणि श्वास धरला. तेव्हा कुठे तिच्या पोटात दूध गेलं.

१४ डिसेंबर

छातीत खुळखुळतं. डॉक्टर म्हणाले सर्दी. दूध ओतून होईपर्यंत श्वास धरला तर माझ्याकडे कमी येतं, पण इतका वेळ धरवत नाही. नळी परत करते म्हणून रूपीकडे माणूस पाठवला. ती गवत कापायच्या कामावर वसईकडे गेली. बकुळाला खरं सांगितलं तर मला मुंबईला धाडतील — मग भिकीला कोण जगवणार? तिचा जबडा किंचित सुटलाय.

१५ डिसेंबर

आडवं होता येत नाही. नव्या नळ्या आल्या नाहीत. मला मरायचं नाही. लिहायला लाज वाटते, पण मरायचं नाही. उद्या मोकळा श्वास घेणार. बुडबुडे येऊ देत. बकुळा थांबेल. आणि भिकी — भिकीचं मी —

१६ डिसेंबर

खोलीबाहेरच्या बाकावर. दार उघडं आहे.

भिकी बोलली आज. दातांतून, पण कळलं. पोरीला आण, म्हणाली.

बकुळा टोक बुडवते आहे —

धरला.

वाटी शांत. तिने पेला उचलला. येतंय. कोमट — सोडायचा नाही — अर्धा पेला अजून, सोडायचा ना