विजयेचा फोन

चंदननगर
१८ नोव्हेंबर

प्रिय टोटन,

अनेक आशीर्वाद. दशमीनंतरचे विजयेचे आशीर्वाद खरं तर कालीपूजेच्या आत पोचायला हवेत, ती मुदत कधीच टळली. उशिराचे का होईना, घे. तब्येत कशी आहे? तिथे मच्छरदाणी देतात का? वकिलांबरोबर मफलर, दोन बनियनं आणि चुरमुऱ्यांचा डबा पाठवला होता. तपासताना शिपायांनी निम्मे चुरमुरे जमिनीवर सांडले म्हणे. उरलेले तरी तुझ्यापर्यंत आले असतील अशी आशा आहे.

मी बरी आहे. गुडघे आपल्या जागी दुखतात. जगद्धात्रीची पूजा झाली, मांडव उतरले. क्लबच्या पोरांनी या वर्षी रोषणाईचा मोरच उभा केला होता, पिसारा मिटायचा, उघडायचा. त्या मोरात तुझी वर्गणीही होती. ती त्यांनी परत केली नाही, फक्त फलकावरच्या तुझ्या नावावर चुना फासला. मी सेक्रेटरीला म्हटलं, "नाव चालत नाही, मग पैसे बरे चालले?" तर म्हणतो, "पिशीमा, देवीच्या कामाला लागलेले पैसे परत कसे मागता?" मागितले कुणी होते!

हे पत्र तुरुंगाचे साहेब उघडून वाचतील, हे मला ठाऊक आहे. वाचू देत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी जन्मभर लोकांची बोलणी जोडली आणि त्यातलं एकही ऐकलं नाही असं मला शपथेवर सांगता येणार नाही. माझं कुणी वाचलं तर तक्रार कोणत्या तोंडाने करू?

तर, शनिवारी भादुडी वकील येऊन गेले. चहा घेतला, संदेश खाल्ले, आणि मग तुझा निरोप काढला. पुढच्या तारखेला मी कोर्टात सांगायचं की माझा फोन नवमीच्या गर्दीत हरवला, दशमीला त्यावरून इंग्लंडला कुणी फोन केला ते मला माहीत नाही. तुमच्या ऑफिसात सगळीच नावं खोटी, सगळेच नंबर खोटे. खरा नंबर तेवढा एकच, तोही माझ्या नावावरचा. तो कापला की तुझ्याविरुद्ध पक्कं असं काही उरत नाही म्हणे. मी एवढं बोलले की तू सुटलास.

"तुम्हीच त्याला वाढवलंत," भादुडीबाबू म्हणाले, "आत्या असलात तरी आई गेल्यावर तुम्हीच त्याची आई." हे मला सांगायला त्यांनी फी घेतली असणार.

मी त्यांना हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पोलीस आले तेव्हाही मी मिठाची गुळणी धरून बसले होते. पण आता गप्प बसता येत नाही, कारण परवा तुझ्याबरोबर काम करणाऱ्या लाल्टूची आई आली होती. पायाला बँडेज. लाल्टूनेच तुझं खरं नाव फोडलं असं तू आतून कळवलंस, आणि तुझ्या मित्रांनी येऊन तिच्या भज्यांच्या गाड्यावरची कढई उलथवली. उकळतं तेल होतं, टोटन. ती माझ्या उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "दीदी, माझ्या लेकाने काही सांगितलं नाही हो. देवीची आण. तुमच्या पोराला सांगा, आम्हाला सोड म्हणावं." मी तिला चहा केला. माझ्या हातून साखरेऐवजी मीठ पडलं. ती बिचारी तसाच प्यायली.

लाल्टूने सांगितलं नाही. हे मला कसं माहीत, ते लिहायलाच हे पत्र घेतलंय आणि मघापासून मोर नि मीठ सांगत बसलेय.

दशमी आठव. देवीला निरोप देऊन आलास, माझ्या पाया पडलास, मी तोंडात नारळाचा लाडू घातला. मग म्हणालास, "पिशी, तुझा फोन दे. माझा बंद पडलाय. एका आजीला विजया करायचीय." बाहेरदेशी फोन लागावा म्हणून पॅकही तूच टाकलास. गॅलरीत उभा राहून इंग्रजीत गोड गोड बोललास, आमच्याकडे आज थोरांचे आशीर्वाद घेतात, म्हणून तुमची आठवण आली. स्वतःला केव्हिन म्हणवून घेतलंस. त्याचं मला नवल नव्हतं, साहेब लोकांना आपली नावं उच्चारता येत नाहीत म्हणून ऑफिसने दिलंय, असं तू सांगितलंच होतंस. मला अभिमान वाटला. परक्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माझा पोरगा गिऱ्हाइकालाही थोरलं माणूस मानतो! हे मी चार घरी जाऊन सांगितलं.

लक्ष्मीपूजेच्या दिवशी त्याच नंबरवर तिचा फोन आला. डॉरिन थर्लो. आवाज म्हातारा, पण स्वच्छ. "केव्हिन आहे का? माझा पडदा पुन्हा लाल झालाय." तू बाहेर गेला आहेस म्हटल्यावर तिने सगळं मलाच सांगायला घेतलं. पडद्यावर लाल पाटी येते, खाली नंबर असतो, तो फिरवला की केव्हिन भेटतो. केव्हिन तिथे बसून इथला पडद्यावरचा बाण हलवतो आणि दाखवतो, बघा किती किडा लागलाय. मग ती दुकानात जाऊन भेटकार्डं आणते आणि त्यांच्या मागचे आकडे खरवडून केव्हिनला वाचून दाखवते. नवऱ्याच्या थडग्यावर दगड बसवायला ठेवलेले पैसे त्यात गेले. या वेळी दुकानातल्या मुलीने कार्डं द्यायलाच नकार दिला. म्हणाली, आजी, कुणीतरी तुम्हाला फसवतंय.

"मी तिला चांगलं झापलं," डॉरिन म्हणाली. "म्हटलं, चोर कधी सणाला फोन करून आशीर्वाद मागतो का गं?"

ऐकतोयस ना? तुझ्या तोंडून तिच्याशी बोलताना एवढंच एक खरं निघालं होतं, आणि तिने त्याच्यावर भरवसा टाकला.

त्या दिवशी मी तुला जेवताना विचारलं. तू खिचडीवर तूप घेत होतास. म्हणालास, "पिशी, त्यांचं सरकार भरून देतं गं." मी म्हटलं, आणि नाही दिलं तर? तू हसलास. "तिचा स्वतःचा नातू तिला भेटायला जात नाही. माझ्याशी बोलून तिला बरं वाटतं. त्याची फी समज." मग माझा चेहरा बघून म्हणालास, सोडतो, कालीपूजेपर्यंत सोडतो. मी विश्वास ठेवला. ठेवायचाच होता मला. तुझ्या ताटात आणखी एक वांग्याचं काप वाढलं.

दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन. या वेळी तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. फार हळू, फार मायेने बोलली, आजारी माणसाशी बोलतात तसं. "केव्हिनने सकाळी सांगितलं मला. तुम्हाला विसर पडतो, डोक्यात गोंधळ होतो, कुणाला काहीही बोलता. बाई गं, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या बहिणीचंही तसंच झालं होतं. आणि कार्डांचं मी कुणाला कळू देणार नाही."

मी स्वयंपाकघरात उभी होते. तुझा डबा भरत होते.

तेव्हा मी तिला तुझं नाव सांगितलं. ऋतब्रत घोषाल. आमच्या एक्स्चेंजच्या पद्धतीने एकेक अक्षर फोडून, प्रत्येकाला एकेका शहराचं नाव लावून, मग घराचा नंबर, गल्ली, गाव. दोनदा. तिने ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "गोंधळलेलं माणूस असं सांगत नाही." आणि फोन ठेवताना, "तुमचं नाव मी कुठे घेणार नाही." त्या बाईने शब्द पाळला. म्हणून तुझ्या कागदांत सांगणाऱ्याचं नाव नाही, आणि म्हणून तुला लाल्टू सुचला. माझा संशय तुला एकदाही आला नाही. आठवड्याच्या आत तू तो फोन दुरुस्तीला म्हणून नेलास आणि मला नवा आणून दिलास, तेव्हाही नाही.

फार न्यायाने वागले असं समजू नकोस. तिच्या नवऱ्याच्या थडग्यावरच्या दगडासाठी मी रात्रभर तळमळले होते हे खरं, पण तोंड उघडलं ते रागाने. चोर आहेस हे मी गिळलं असतं रे. एका दिवसात जवळपास गिळलंही होतं. पण आयुष्यभर ज्या बाईने तुला भरवलं तिला वेडी ठरवायला तुला एक सकाळ पुरली, तेही एका परकीला, कामाच्या ओघात. ते घशाखाली उतरलं नाही. अजून उतरत नाही.

आणि आता भादुडीबाबू निघताना दारात काय म्हणाले, तुला माहीत असेलच, कारण तेही तुझंच डोकं. "फोन हरवल्याचं जमत नसेल, तर दुसरा मार्ग आहे. वय झालंय, आठवत नाही, असं सांगा. डॉक्टरचं सर्टिफिकेट मी आणतो. टोटन म्हणाला, पिशी ऐकेल." मी त्यांच्या हातात त्यांची छत्री दिली.

लाल्टूच्या आईला काल बोलावून मी सगळं सांगितलं. निघताना माझ्या हाताला हात लावून गेली. तुझ्या मित्रांनाही निरोप धाडलाय, कढई उलथवायची तर माझ्या घरी या, इथेही चूल आहे.

तारखेला मी कोर्टात येईन. विचारतील तेवढं सांगेन. फोन माझा होता, हरवला नव्हता, दशमीला तू केलास, नाव मी दिलं. तू किती वर्षं आत राहशील, मला कुणी सांगत नाही. तू बाहेर येशील तेव्हा मी असेन की नाही, तेही नाही. तुझ्याविना हे घर मला खायला उठतं. सकाळी अजून दोन कप चहा टाकते आणि दुसरा ओतून देते. हे सगळं कळतंय मला. कळूनच येणार आहे.

मफलर गळ्याला गुंडाळ, थंडी वाढतेय.

पूर्ण शुद्धीत, कुणी सांगितल्यावाचून लिहिणारी,
तुझी पिशी,
अणिमा घोषाल