मागे किती गिअर

३ फेब्रुवारी

घोडं गिअरवर अडलंय! दोघांनी चालवायच्या सायकलीचा सांगाडा तयार आहे, चाकं आली, सीटं आली. आता मिस्त्री विचारतो, "वहिनी, मागच्या चाकाला किती गिअर बसवू? सात, नऊ, की अकरा?" मला विचारतो, कारण पुढे मी बसणार. हँडल माझ्या हातात. हे मागे बसून नुसते पॅडल मारणार.

म्हटलं, एकही नको. तो हसला. मला कुठलं हसू!

यांना आता नळीतून बघावं तेवढंच दिसतं. कडेचं काही नाही, आणि अंधारून आलं की समोरचंही नाही. यांच्या काकांना होतं तेच. डॉक्टर म्हणाले, रक्तातून येतं, औषध नाही. जन्मभर सायकलवरून कामाला गेलेला माणूस मध्यंतरी उभ्या हातगाडीवर जाऊन आदळला. तेव्हापासून सायकल बंद. बसने जात नाहीत. "लोक न विचारता दंड धरतात" म्हणतात. वजनकाटे दुरुस्तीचं काम बोटांनी अजून चोख जमतं, पण दुकानापर्यंत पोचायचं कसं? घरात बसले तर खचतील. खचायला लागलेच आहेत.

माझा शिवणकामाचा कारखाना त्याच वाटेवर. म्हणून ही सायकल. फक्त मध्ये पूल आहे. अलीकडे चढ, पलीकडे उतार.

५ फेब्रुवारी

शिवताना दोनदा सुई मोडली. डोळ्यांपुढे तो उतार.

८ फेब्रुवारी

मिस्त्रीकडे गेलो. तो समजावून सांगत होता. गिअर जितके जास्त, तितकी एकातून दुसऱ्यात जाताना उडी लहान, पाय दचकत नाही. पण चेन बारीक लागते. "आणि इथं ओढणार दोघं. चेनीला जरा जपावं लागेल."

जपावं लागेल म्हणजे काय? तुटेल? चढावर तुटली तर सायकल मागे येईल, मागे ट्रक असेल! मी विचारलं तर म्हणाला, "वहिनी, तुम्ही फार लांबचा विचार करता." जवळचा करून बघितला, तर तिथेही तोच पूल.

हे म्हणाले, सात. मी म्हटलं, सातमध्ये उडी मोठी, माझा पाय सटकेल, अकरा घ्या. "मग चेन तुटेल म्हणून झोपायची नाहीस." खरंय. मला धड सात नको, धड अकरा नको. मला हा चढच नको.

१२ फेब्रुवारी

पडलो.

मिस्त्रीने सरावाला त्याची जुनी जोडसायकल दिली होती, नऊ गिअरची. मैदानात दोन फेऱ्या बऱ्या झाल्या. तेवढ्यावर मी शहाणी झाले आणि कडेच्या चढाला लागले. पाय जड झाले तसा मी गिअर बदलला—यांना न सांगता! हे मागे जिवाच्या आकांताने पॅडल दाबत होते. चेन खटकन उतरली, चारी पाय हवेत, आणि दोघंही आडवे.

"अगं, सांगायचं ना! मला काय दिसतंय का?"

हे शब्द यांनी आजवर कधी उच्चारले नव्हते. 'जरा अंधुक आहे', 'चष्मा पुसायला हवा', एवढंच. दोघंही गवतात बसून राहिलो. माझा गुडघा सोलवटला होता, पण हुंदका त्याचा नव्हता.

घरी मुलीने दोघांना औषध लावलं. "शाळेतली पोरं बरी तुमच्यापेक्षा," म्हणाली. हे खळखळून हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. यांचं डोकं आपटलं असतं तर? पुढे मी होते. दोष माझाच असता.

१५ फेब्रुवारी

यांनी तोडगा काढला. "हँडल तुझं, ब्रेक तुझे, गिअर माझे." गिअरची खटकी मागच्या दांड्यावर, यांच्या अंगठ्याखाली बसवायची. मिस्त्री म्हणाला, होतं तसं.

"आणि चढ आलाय हे तुम्हाला कळणार कसं?"

"तुला धाप लागली की."

वा! म्हणजे आता माझ्या फुप्फुसांवर गाडी चालणार. पण खरं सांगायचं तर जरा हलकं वाटलं. एक गोष्ट तरी माझ्या हातून चुकणार नाही.

म्हणूनच यांना सात हवेत. खटके मोजके, एकेक अंगठ्याला वेगळा कळणारा. चेनही जाड. सातवर शिक्कामोर्तब.

२४ फेब्रुवारी

पूल ओलांडला!

नव्या सायकलवरून आज पहिल्यांदा कामाला. निघताना मुलगी दारात उभी राहून हात हलवत होती, मी बघितलंही नाही. सगळी वाट बोलत गेले. खड्डा. डावीकडे. थांबतेय. निघूया. घसा बसला. चढ लागला आणि मागून एक खटका वाजला, मग दुसरा. पाय हलके झाले. मी काहीच बोलले नव्हते.

उतारावर मी किंचाळले. लोकांनी वळून बघितलं. हे मागून शांतपणे, "ब्रेक आवळून धरू नकोस. दाब, सोड. दाब, सोड." यांना पुढचं काही दिसत नाही आणि हे मला धीर देतात!

दुकानाशी हे उतरले, कुलूप चाचपलं, उघडलं. पाठ कशी ताठ होती. मी कारखान्यात जाऊन आधी मोरीत रडून घेतलं.

२८ फेब्रुवारी

भीती गेलेली नाही. पण आता ती पुलापुरतीच. बाकी वाटेवर हे गाणी म्हणतात, बेसूर. काल रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

२ मार्च

संध्याकाळी मुलगी सायकलपाशी उभी होती. "आई, मागचं सीट माझ्या उंचीला येईल?"

म्हटलं, "का गं, बाबांची जागा पळवतेस?"

ती हसली नाही. "दिवेलागणीनंतर मलाही कडेचं दिसत नाही. बाबांना एवढ्यात सांगू नकोस."