न केलेल्या कामात कसूर केल्याबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी (स्त्री कामगार),
समान काम समान दर्जा कक्ष,
कामगार कार्यालय, दुसरा मजला.

विषय : जे काम मी करतच नाही असे आपण ठरवले, त्याच कामात चूक केल्याचा आरोप मान्य करणेबाबत.

संदर्भ : १. आपल्या समितीचा निकाल, सोमवार दि. ४.
२. कारखान्याची कारणे दाखवा नोटीस, गुरुवार दि. ७.
३. कारखान्याच्या फाटकाजवळ आपण केलेले भाषण (लेखी प्रत उपलब्ध नाही).

महोदया,

मी खाली सही करणारी, कापड रंगवण्याच्या कारखान्यात प्रयोगशाळा मदतनीस म्हणून अकरा वर्षे कामाला आहे. संदर्भातले पहिले दोन कागद एकाच आठवड्यात माझ्या हाती पडले. पहिल्यात लिहिले आहे की मी रंग जुळवण्याचे काम करत नाही, फक्त बीकर धुते, म्हणून मला शेडमॅचरचा दर्जा देता येत नाही. दुसऱ्यात लिहिले आहे की त्याच सोमवारी मी रंग चुकीचा जुळवल्यामुळे हॉस्पिटलच्या कापडाचा लॉट बिघडला, तरी मला कामावरून का काढू नये याची कारणे द्यावीत. व्यवस्थापक समितीचेही सदस्य असल्याने दोन्ही कागदांवर त्यांचीच सही आहे. शाईसुद्धा एकच आहे. रंगाच्या बाबतीत माझे मत ग्राह्य नसले तरी एवढे मी सांगू शकते.

१. कामाबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. गिऱ्हाईक आम्हाला कापडाचा तुकडा पाठवते. त्या रंगाचे कापड काढायचे तर आधी पाच-सहा बीकरांत कमीजास्त मापाने रंग घालून लहान तुकडे रंगवतात, वाळवतात आणि गिऱ्हाइकाच्या तुकड्याशी कोणता जुळतो ते उत्तरेच्या खिडकीत धरून डोळ्याने ठरवतात. याला शेड जुळवणे म्हणतात. जो तुकडा ठरेल त्यावर चार-चार हजार मीटर कापड रंगते. कागदोपत्री हे काम रंगमास्तरांचे आहे. अकरा वर्षे ते मी करते. रंगीत बाहीची छटा तुकड्यावर पडून डोळा फसतो, म्हणून मी कामावर फक्त राखाडी कपडे घालते. सासूबाई म्हणतात, "अगं, तू रंगाच्या कारखान्यात जातेस की राखेच्या?" बीकर धुणाऱ्या बाईला राखाडी कपड्यांची गरज का पडावी, हा प्रश्न समितीला पडला नाही.

२. आता जे लिहिते ते मी घरीसुद्धा बोललेले नाही. आमच्या रंगमास्तरांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नाही. त्यांना रंगांधळेपणा आहे.

कामाला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात मला ते कळले. दोन्ही हातांत दोन बाटल्या धरून ते बराच वेळ उभे होते. खोलीत तिसरे कोणी नाही हे पाहून त्यांनी हळूच विचारले, "यातली लाल कुठली गं?" मी दाखवली. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ताई, माझ्या पोटावर पाय देऊ नकोस. तीन लेकरं आहेत." त्या दिवसापासून मी त्यांना दादा म्हणते. मग आमची एक पद्धतच पडली. बरोबर जुळलेला तुकडा मी पेपरवेटखाली ठेवायची. दादा यायचे, सगळे तुकडे एकेक करून उजेडात धरायचे, डोळे बारीक करायचे आणि शेवटी पेपरवेटखालचा उचलून म्हणायचे, "हाच." बघणाऱ्याला वाटावे, काय नजर आहे माणसाची!

दरवर्षी कारखान्याचे डॉक्टर डोळे तपासतात. ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे वाचायचे असतात. माझी तपासणी आधी व्हायची. मी आकडे क्रमाने लक्षात ठेवायची आणि जेवणाच्या सुट्टीत दादांकडून पाढ्यांसारखे घोकून घ्यायची. अकरा वर्षे त्यांच्या दाखल्यावर "दृष्टी निर्दोष" असा शेरा आहे. तो शेरा माझा आहे.

दादा वाईट माणूस नव्हते, हेही लिहिते. माझी आई हॉस्पिटलात होती तेव्हा त्यांनी माझी पाळी बदलून घेतली आणि वहिनींनी वीस दिवस डबा पाठवला. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार आहेत. निदान पन्नास वेळा तरी ते मला म्हणाले असतील, "जाताना मी सगळ्यांसमोर सांगणार, हे टेबल हिचं आहे म्हणून." मी विश्वास ठेवला. सख्ख्या भावावर ठेवला नसता इतका ठेवला.

३. मग आपण आलात. फाटकाजवळ टेबलावर उभ्या राहून आपण म्हणालात, "बायांनो, जे काम करता ते बिनधास्त लिहून द्या. घाबरू नका, मी आहे." शेवटचे दोन शब्द आमच्या इथे पुढचे आठ दिवस सगळ्यांच्या तोंडी होते. घडी खात्यातल्या बायका कापडातले दोष शोधून खुणा करतात, त्यांना घडीवाल्या म्हणतात. तेच काम पुरुषाने केले की तो तपासनीस होतो. अशा आम्ही एकतीस जणींनी अर्ज दिले. आपण म्हणालात, प्रत्येकीची चाचणी घ्यायला वेळ नाही, एकीची नमुना म्हणून घेऊ, तिचे जे ठरेल ते सर्वांना लागू. सगळ्यांनी माझे नाव दिले. घडी खात्यातली जी बाई बोलायला लागली की शेजारचे मशीन ऐकू येत नाही, जिला आम्ही तोफ म्हणतो, ती म्हणाली, "सूर्य चुकेल, पण हिचा डोळा चुकायचा नाही."

४. सोमवारी समितीच्या खोलीत पिवळा दिवा होता आणि लाल पडदे. अशा खोलीत शेड जुळवायला सांगणे म्हणजे वरातीत उभे करून नाडी बघायला सांगणे. तरी मी तक्रार केली नाही. व्यवस्थापकांनी त्या सकाळी दहा तुकडे नव्याने कापले होते, मागे नंबर नसलेले. अचूक उत्तरे लिहून देण्यासाठी तज्ज्ञ म्हणून रंगमास्तर होते. मी तेव्हा बाहेर होते. पेपरवेट नव्हता, मी नव्हते. बरे वाटत नाही म्हणून ते उठून जाऊ शकले असते. त्यांनी अंदाजाने दहा उत्तरे लिहिली.

मग मला बोलावले. माझी चार उत्तरे बरोबर आणि सहा चूक ठरली. बरोबर आलेले चारही तुकडे निळे नाहीतर पिवळे होते. चुकलेले सहाही लाल नाहीतर हिरवे. कोणी एकाने जरी हे लक्षात घेतले असते तर पुढचे काही लिहावे लागले नसते.

तिसरा तुकडा आपल्याला आठवत असेल. मी म्हटले, पानाचा हिरवा. मास्तरांच्या कागदावर होते, चहाचा तपकिरी. महोदया, तो तुकडा हिरवा होता. त्यासाठी मास्तर लागत नाही, अधिकारी लागत नाही, दोन डोळे पुरतात. आपण तुकड्याकडे पाहिलेत, मग माझ्याकडे पाहिलेत आणि मग कागदाकडे. तेवढ्यात व्यवस्थापक हसून म्हणाले, "मॅडम, आमच्या धंद्यात दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं." आपणही हसलात. आणि आपण "चूक" असे लिहिलेत. आपले हस्ताक्षर फार सुंदर आहे.

माझे उत्तर बरोबर आहे हे त्या खोलीत सर्वांत पक्के ठाऊक असलेला माणूस एकच होता. अकरा वर्षे ज्या डोळ्यांवर तो जगला, त्यांच्यावर शंका घ्यायचे त्याला काही कारण नव्हते. मी दादांकडे बघत होते. ते चष्मा पुसत होते. आपण विचारलेत, "ही बाई नक्की काय काम करते?" ते म्हणाले, "बीकर धुते. हात स्वच्छ आहे तिचा." केसाने गळा कापणे म्हणतात ते मला त्या दिवशी कळले. तरीही मी मूग गिळून बसले. मला वाटत होते, आता सांगतील. दारापर्यंत जाऊन वळतील आणि सांगतील. माझी चूक झाली असेल तर ती इथे झाली, आणि ती आरोपपत्रात नाही.

५. निकाल हाती मिळेपर्यंत जागा सोडायची नाही, असे सांगून मला आपल्या समितीच्या दाराबाहेरच्या बाकावर बसवण्यात आले. सकाळी दहा ते दुपारी चार मी तिथे होते. आपल्या शिपायाने दोनदा पाणी दिले. आपण स्वतः तीन वेळा माझ्यासमोरून गेलात.

दुपारी बारा वाजता हॉस्पिटलच्या हिरव्या कापडाची शेड ठरवायची होती. मास्तर टेबलाशी एकटे होते. त्यांनी एक तुकडा उचलला, सवयीने "हाच" म्हणाले असतील, आणि सही केली. संध्याकाळपर्यंत चार हजार मीटर कापड तपकिरी होऊन बाहेर पडले. मशीनवर सहा माणसे होती आणि सहाही जणांना ते दिसत होते. पण मास्तरांची सही झाल्यावर कापडाचा रंग कोणता हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

गुरुवारी मला नोटीस मिळाली. तिच्यासोबत मास्तरांचा जबाब आहे : "मदतनीस हिने रोजच्याप्रमाणे शेड जुळवून ठेवलेल्या तुकड्यावर मी विश्वासाने सही केली." चोर सोडून संन्याशाला फाशी, हे जुनेच आहे. पण महोदया, "रोजच्याप्रमाणे" हा शब्द पाहावा. हा एक शब्द सोमवारी त्यांच्या तोंडून निघाला असता तर एकतीस घरांचे भले झाले असते. माझे काम त्यांनी पहिल्यांदा कबूल केले ते मला बाहेर काढण्यासाठी.

६. निकाल लागल्यावर एकतीसही अर्ज निकाली निघाले. तोफ त्या दिवशी ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, "तुला येतच नव्हतं तर आम्हाला पुढं कशाला घातलंस?" तिने ओरडायला हवे होते. आता जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाकावर कोणी बसत नाही. घरी शेवटी मी सगळे सांगितले, तेव्हा सासूबाई एवढेच बोलल्या : "ज्याचं करावं बरं तो म्हणतो माझंच खरं." यजमान म्हणाले, जा आणि मास्तरांचं बिंग फोड.

फोडायचे तर कशाने फोडू? चाचणीचे तुकडे कचऱ्यात गेल्याचे मला कळवण्यात आले आहे. मास्तरांच्या डोळ्यांचे अकरा दाखले निर्दोष आहेत आणि यंदाचे आकडे त्यांना अजून पाठ आहेत. माझ्या बाजूचा प्रत्येक पुरावा मी स्वतःच, आपुलकीने, दरवर्षी नष्ट केला. एका माणसाला सांभाळायला गेले आणि तीस जणींना बुडवले. याचा राग मला दादांचा येतो, आपला येतो, आणि पहाटे उठल्याबरोबर पहिला माझाच येतो.

७. तेव्हा सर्व बाजूंनी विचार करून पुढीलप्रमाणे विनंती करते.

मी शेड जुळवते असे म्हणणारा कागद जगात एकच आहे, आणि तो माझे आरोपपत्र आहे. मी तो आरोप मान्य करते. एका ओळीचा कबुलीजबाब सोबत जोडला आहे. मला कामावरून काढण्यास माझी हरकत नाही. मात्र आदेशात "प्रयोगशाळा मदतनीस" असे न लिहिता, "शेड जुळवण्याच्या नेहमीच्या कामात कसूर केल्यामुळे" असे आपण कारखान्याकडून स्पष्ट लिहून घ्यावे. बीकर धुण्यात कसूर झाल्याने कापड तपकिरी होत नाही, हे व्यवस्थापकांनाही मान्य करावे लागेल. त्या आदेशाने मी शेडमॅचर होते हे सिद्ध होते. आणि एकीचे जे ठरेल ते सर्वांना लागू, हा नियम आपणच केला आहे. त्यानुसार उरलेल्या तीस जणींचे अर्ज पुन्हा उघडून त्यांना त्यांच्या कामाचा दर्जा द्यावा.

अडचण एकच आहे. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत नव्हते, आपल्या दारातल्या बाकावर होते, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून हा अर्ज फाइलला न लावता फक्त कबुलीजबाब लावावा. हिरव्या तुकड्याच्या वेळी आपल्याला दिसत होते आणि आपण गप्प राहिलात. तेवढेच पुन्हा एकदा करावे. या वेळी आमच्यासाठी.

आपली नम्र
("विश्वासू" हा शब्द या अर्जात वापरलेला नाही.)

(सही)
शेडमॅचर, हजेरी क्रमांक ३१७
दि. ११

सोबत :
१. समितीच्या निकालाची प्रत.
२. नोटीस व मास्तरांचा जबाब ("रोजच्याप्रमाणे" या शब्दाखाली रेघ मारली आहे).
३. कबुलीजबाब, एक ओळ.
४. तीस जणींच्या हजेरी क्रमांकांची यादी.

प्रत : रंगमास्तर, प्रयोगशाळा, यांना हातोहात.
दादा, आदेश निघाला की टेबलाशी तुम्ही एकटे असाल. लॉट अडवून धरा, शिव्या खा, वाटल्यास मशीनवाल्याला विचारा. पण अंदाजाने सही करू नका.