ज्यानं पाहिला त्यानंच बोलायचं

शनि., ११ जानेवारी

आबा आज कट्ट्यावरून दहालाच परत. एरवी शनिवारी बारा वाजून गेले तरी सासरेबुवा हलत नाहीत, प्रशांतला पाठवावं लागतं, "जा, वडलांना उचलून आण." आज स्वतःच काठी टेकत आले. चहा नको म्हणाले. भिंतीकडे तोंड करून बसले.

"काय झालं आबा?"

"काही नाही ग."

आबांचं काही नाही म्हणजे पुष्कळ काही.

संध्याकाळी कट्ट्यावरचे अहिरेकाका येऊन सांगून गेले, तेव्हा उलगडा झाला. परवा प्र. आबांना पिक्चरला घेऊन गेला होता, तो पुराच्या गोष्टीचा. माझा नवरा तिथं बसून मोबाइल बघत होता. आबांना दिसत नाही, हा सांगत नाही. आबांनी आज कट्ट्यावर ऐटीत निकाल दिला, "आई मेली तिथं पिक्चर उभा राहिला." आई मेलीच नाही म्हणे, होडीत बसून निघून जाते. सगळे हसले. आणि जाधवकाका म्हणाले, "भालेराव, ज्यानं पाहिला त्यानंच बोलायचं. नियम तुझाच."

नियम आबांचाच, हे खरं. कंपनीत असताना केलेला. कुणीतरी पेपरात वाचून मतं ठोकायला लागलं होतं, त्याचं तोंड बंद करायला. आठवड्याला एक पिक्चर ठरवायचा, सगळ्यांनी पाहायचा, सुट्टीच्या दिवशी बुद्धविहाराच्या मागच्या कट्ट्यावर पास-नापास. कंपनीची सुट्टी शनिवारची, म्हणून रिटायर झाले तरी वार तोच. तेव्हा आबांना डोळे होते. आता साखरेनं नेले. ऑपरेशनं झाली, उपयोग नाही. उजेड आणि अंधार, एवढं कळतं.

जेवले नाहीत नीट.

रवि., १२ जाने.

शिफ्टला डोकं लागलं नाही. प्र.शी सकाळीच वाजलं. "तू सांगायचं होतंस ना त्यांना काय चाललंय ते." तर म्हणे, "सोड ना, म्हातारी माणसं आहेत, पुढच्या आठवड्यात विसरतील."

विसरणार नाहीत. सासूबाई गेल्या, नोकरी संपली, डोळे गेले. या माणसाकडे शनिवार सोडून राहिलंय काय? जाधवकाकांनी (इथून पुढे जा.का.) तोही काढून घेतला तर आबा असेच भिंतीकडे बघत संपतील. मला ते बघवणार नाही. सांगून टाकलं प्र.ला, यापुढे पिक्चरला मी नेणार.

बुध., १५ जाने.

शिफ्ट सुटल्यावर तशीच आबांना घेऊन थेटरात. ठरलेला पिक्चर, पैलवानांचा. कानात सांगत बसले. पुढचा माणूस तीनदा वळून बघून गेला. तिसऱ्या वेळी मीही बघितलं त्याच्याकडे. मग नाही वळला.

मध्यंतरात आबा म्हणाले, "ज्योती, तू निकाल देतेस."

"कसला?"

"‘हा नालायक आलाय', ‘ती नाटक करतेय'. नालायक का शहाणा ते मी ठरवीन. तू फक्त दिसतं ते सांग."

राग आला. एक तर घसा कोरडा करायचा, वर बोलणी खायची. पण घरी येताना रिक्षात पटलं. मीही दिवसभर तेच करते की. वर्कशॉपमध्ये तपासणीला बसून पार्टवर चरा असेल तर चरा लिहायचा. ऑपरेटर आळशी आहे असं लिहिलं तर साहेब कागद तोंडावर फेकेल.

शनि., १८ जाने.

आबा कट्ट्यावर गेले, बसून आले. बोलले नाहीत म्हणे. जा.का.नीही विचारलं नाही.

गुरु., २३ जाने.

या आठवड्याचा घरीच, टीव्हीवर. खुनाची गोष्ट, जळलेला बंगला, त्यातून वाचलेला एक माणूस. सुरुवात झकास जमली. "दार उघडं. टेबलावर दोन कप, एक उलटा. बाई आत येते, चप्पल काढत नाही." आबा खूश. मी पण.

आणि मग ती बाई आणि तो वाचलेला माणूस बेडरूममध्ये. झालं. मी सून, हे सासरे, आणि समोर ते. काय सांगू? देवाशप्पथ तोंडाला कुलूप लागलं.

"काय चाललंय?"

"पाऊस पडतोय."

"आवाज नाही ग पावसाचा."

"बारीक आहे."

प्र. स्वयंपाकघरात तोंडावर टॉवेल धरून हसत होता. मी नजर जमिनीवर. ते संपेपर्यंत वर बघितलं नाही.

शनि., २५ जाने.

वाटोळं झालं. माझ्यामुळं.

आबा आज बोलायला म्हणूनच गेले होते. इस्त्रीचा शर्ट. निकाल दिला, नापास. का, तर शेवटी त्या माणसाच्या पाठीवर भाजल्याची खूण दाखवतात आणि तोच खुनी निघतो. ही खूण आधी कुठं नव्हती, आयत्या वेळी चिकटवली, प्रेक्षकाला फसवलं.

अहिरेकाकांनी नंतर सांगितलं, जा.का. म्हणाले, "मध्यंतराआधीच दाखवलीय. बेडरूममध्ये. चांगली उजेडात. तू पाहिलाच नाहीस भालेराव."

आबांनी ऐकून घेतलं. माझं नाव घेतलं नाही त्यांनी.

घरी येऊन खुर्चीत बसले. म्हणाले, "पाऊस नव्हता ना?"

"नव्हता आबा."

वाटलं जमीन दुभंगावी. रडू आलं. आबांचे एकदम खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. "बारीक आहे म्हणे पाऊस," म्हणाले, आणि डोळे पुसले.

मग एकदम गंभीर. "मी नाही जायचो आता कट्ट्यावर. उगीच तुलाही लाज, मलाही लाज."

सोम., २७ जाने.

आबा रेडिओसुद्धा लावत नाहीत. अहिरेकाकांनी नवीन पिक्चर कळवला, आबांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. मी म्हटलं, बुधवारी जाऊ. "नको."

प्र. म्हणतो जबरदस्ती करू नको. करणार.

शनि., १ फेब.

कट्ट्याला आबांची दांडी. इतक्या वर्षांत ताप असला तरी गेलेत.

दुपारी मीच विषय काढला. म्हटलं, आबा, तसलं काही आलं की मी ‘घरगुती' एवढं म्हणेन. तुम्ही समजून घ्या. आणि अंगावर डाग, व्रण, गोंदण, काय असेल ते कुठं आहे ते सांगेन, पार्ट तपासल्यासारखं. बाकी तुम्हीही विचारायचं नाही, मीही सांगायचं नाही. चालेल?

"उजवा-डावा नीट सांगशील?"

"माझी आजवर एक तक्रार आलेली नाही."

काठीच्या मुठीवर अंगठा घासत बसले. मग म्हणाले, बुधवारी किती वाजता निघायचं?

बुध., ५ फेब.

पाहिला. आईचा पिक्चर. मुलगा आईला दवाखान्यात टाकून निघून गेलेला. ती बरी होते, एकटी राहते, शिवणकाम करते. खूप वर्षांनी एका थंडीच्या रात्री तो दारात येतो, हाका मारतो. ती कडीवर हात ठेवून उभी राहते आणि उघडत नाही. संपला.

एकदाच ‘घरगुती' आलं. "घरगुती. डाव्या दंडावर गोंदलेलं नाव, वाचता येत नाही." आबांनी मान डोलावली. मला कसनुसं झालं, पण मेले नाही.

शेवटी सांगताना माझा आवाज फुटला. आबा रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. कट्ट्याआधी निकाल फोडायचा नाही, हाही नियमच. माझं मत मात्र पक्कं, पास म्हणजे पास.

शनि., ८ फेब.

हे नीट लिहून ठेवते.

सकाळी आबांबरोबर मीही निघाले. प्र. म्हणाला, "तू कुठं?" म्हटलं, मीही पाहिलाय. त्या कट्ट्यावर बाई माणूस कधी बसलेलं नाही. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

जा.का. उठून उभे राहिले. "सूनबाई, घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे काका. पिक्चरवर बोलायला आलेय. ज्यानं पाहिला त्यानंच बोलायचं ना? मी पाहिलाय. आणि आबांनीही पाहिलाय."

अहिरेकाकांनी सरकून जागा केली.

जा.का.नी लगेच परीक्षा सुरू केली. शेवटी आईच्या अंगावर काय होतं? आबा म्हणाले, "विटकं हिरवं पातळ, वरून पुरुषी स्वेटर, एक बटण नाही. दार निळं, खालचा रंग गेलेला. कडीवर डावा हात, उजव्यात शिवणाची कात्री." माझी छाती फुगली.

पण जा.का. कच्चे नाहीत. म्हणाले, "हे सगळं मान्य. पण भालेराव, हे तिनं सांगितलं म्हणून. तिनं जेवढं दाखवलं तेवढंच तुला दिसणार. मग मत तुझं कुठलं? सुनेचं मत तू इथं आणून ठेवणार."

मी आबांकडे बघितलं. कारण पहिल्या दिवसापासून मला याचीच धास्ती. पुन्हा शेवट मी रडत सांगितलेला. आबा आता पास म्हणणार, आणि जा.का. म्हणणार, बघा.

आबा म्हणाले, "नापास."

मी सगळं विसरले. "नापास? कशानं नापास?"

"कोणती आई दार उघडत नाही? अर्धा तास पोराला थंडीत कुडकुडत ठेवला, आमच्याकडून त्याची कीव करून घेतली, आणि मग दार लावून मोठेपणा घेतला. ही चलाखी आहे."

"आबा, तिनं काय म्हणून उघडायचं? दवाखान्यात पडली होती तेव्हा हा कुठं होता?"

"चुकला. पोरं चुकतात."

"आणि आया काय दार उघडायलाच जन्मतात का?"

आवाज चढले. विहारातून दोन बायका डोकावून गेल्या. मी सासऱ्यांशी भर कट्ट्यावर भांडत होते आणि आबा काठी आपटून आपटून मला खोडत होते. कात्रीवरून भांडलो, स्वेटरवरून भांडलो. तो स्वेटर पोराचाच, म्हणजे तिच्या मनात तो आहे, असं आबांचं म्हणणं. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. थंडी वाजते म्हणून घातलाय, मी म्हटलं.

मध्येच अहिरेकाका मांडीवर थाप मारून म्हणाले, "जाधव, आते काय बोलशी? एकाच घरमा दोन मतं शेतस." सटाण्याकडचे ते, खूश झाले की अहिराणीवर येतात; शेतस म्हणजे आहेत.

जा.का.नी चष्मा काढला, पुसला, घातला. मग आबांकडे वळून म्हणाले, "भालेराव, तू चुकतोयस. तिनं दार उघडलं नाही तेच बरोबर."

"चुकतोयस" म्हणाले. "पाहिला नाहीस" नाही म्हणाले. आबांना ते कळलं, मलाही कळलं. आबांचा चेहरा काय उजळला. "चुकतोय? बस इथं, सांगतो तुला," म्हणून जा.का.चा हात धरून त्यांना शेजारी बसवून घेतलं, आणि बारा वाजले तरी दोघं सुटेनात.

निकाल: पास तीन, नापास एक. आबा हरले आणि नवरदेवासारखे घरी चालत आले. वाटेत जा.का.नी सगळ्यांना मिसळ खायला घातली. मी दोन पाव जास्त घेतले. जिंकलो आम्ही. लिहून ठेवते, जिंकलो.

रवि., ९ फेब.

अजून चालूच. शिफ्टवरून आले, पायातली चप्पल काढते न काढते तोच, "त्या स्वेटरचं काय ठरवलंस?" जेवताना परत जुंपली. मी म्हटलं, आबा, मी तो पिक्चर डोळ्यांनी पाहिलाय.

आबा म्हणाले, "तू पाहिलास कुठे? तू तर सांगत होतीस."

प्र. जेवायचा थांबला. खरं तेच आहे. मी कप बघितले, कड्या बघितल्या, बटणं मोजली. पिक्चर कधी पाहिला?

आबांनी लगेच जा.का.ना फोन लावला. स्पीकरवर. जा.का. म्हणाले, "मी येतो. तुला मी सांगेन. सूनबाईला शांत बसून बघू दे."

बुध., १२ फेब.

तिघं गेलो, पुन्हा त्याच आईच्या पिक्चरला. मधे आबा, पलीकडे जा.का. त्यांचा आवाज माझ्याहून मोठा, पुढच्या रांगेतले दोघं उठून लांब जाऊन बसले. ‘घरगुती' आलं तेव्हा जा.का. सगळं सविस्तर सांगायला लागले. आबांनी त्यांना कोपर मारलं.

मी तोंड मिटून बसले. हातात खारे दाणे. लहानपणी नांदगावला मावशीकडे पिक्चर बघायचे, तशी. पहिल्यांदाच त्या मुलाचा चेहरा नीट बघितला. आईचाही, कडीवर हात होता तेव्हाचा. सांगायच्या नादात मी त्या वेळी हातच सांगत होते, चेहरा सांगितलाच नव्हता आबांना.

रिक्षात दोघं दोन बाजूंनी. "काय? बदललं का मत?" "काय सूनबाई, पासच ना?" मी बाहेर बघत राहिले. कट्ट्याआधी निकाल फोडत नाहीत.

इथंही लिहीत नाही. प्र. ही वही वाचतो आणि आबांना जाऊन सांगतो.