शेंगाचटणीचं पान

आई, सर्चमध्ये 'सोलापुरी शेंगाचटणी' असं टाकलं की सगळ्यात वर वहिनीचं पान येतं. फोटो, लागणारा वेळ, खाली पाच चांदण्या. माझं पान कुठं आहे म्हणशील, तर पार खाली, जिथं कुणी फिरकत नाही. आणि गंमत बघ, तिला हे शिकवलं मीच. दुकानांसाठी वेबसाइटची पानं बनवणं हा माझा धंदा. "वन्सं, सगळ्यात वर कसं यायचं ओ?" असं तिनं विचारलं आणि मी शहाणी सांगत बसले: नुसतं लिहून भागत नाही, माणूस वाचतो तेच सर्चच्या यंत्रालाही कळावं म्हणून आत कोडमध्ये खुणा घालायच्या. हे प्रमाण, हा वेळ, ही करणारी. वाचणाऱ्याला त्या दिसत नाहीत, यंत्राला मात्र त्यावरूनच कळतं. तिनं पटापट घातल्या. मग मी माझ्या पानाला घालायला बसले आणि प्रमाणाशीच अडले. दाणे किती? लसूण किती? मला कुठं ठाऊक!

तू कधी सांगितलंस? उखळापाशी मी विचारलं की तू हात न थांबवता खेकसायचीस, "मापं काय विचारतीस? हाताला कळतंय की!" मग तिला कशी सांगितलीस? फोनवर विचारलं तर म्हणते, "लग्न होऊन आले तवा मला काहीच येत नव्हतं ओ. आई शेजारी बसून वाटीनं मोजून द्यायच्या." शेजारी बसून! माझ्या शेजारी कधी बसलीस गं? तुला जाऊन इतकी वर्षं झाली, माझी पन्नाशी उलटली, तरी ते ऐकून अंगाची लाही लाही झाली. जळते मी तिच्यावर, सरळच सांगते.

तिची मापं मला नको होती. रविवारी उखळ काढलं, प्रत्येक मूठ काट्यावर ठेवून मग कुटली, पार तेल सुटेपर्यंत. चव तुझीच आली. प्रमाण भरलं, वेळ भरला. राहिली करणारी. वहिनीनं तिथं स्वतःचं नाव घातलंय. मी तुझं घातलं. दादाला सांगितलं तर त्याचे डोळे भरले, म्हणाला, "लेकीची माया ती लेकीची माया." मी त्याला तसंच समजू दिलं. हे पत्र तुला पोचणार असतं, तर पुढचं लिहिलं नसतं. माया नव्हती गं, आई. तिच्या नावापुढं माझं नाव टिकलं नसतं, म्हणून तुला पुढं केलं.