माणिकचे बाबा

मुलुंड, ऑक्टोबर १९५६

अहो,
सप्रेम नमस्कार. हे पत्र पेटीत पडणार नाही, म्हणून खरं लिहिते.

तुम्ही पुढच्या आठवड्यात रजेवर येताय. आपली माणिक तान्ही असताना तुम्ही बेलग्रेडच्या वकिलातीत रुजू झालात. मलाही बोलावलंत, मीच इथून हलले नाही. थोरल्या भाऊजींची मुलं त्यांना बाबा म्हणतात, ते ऐकून माणिकही म्हणू लागली. मी तिला अडवलं नाही. बरंच वाटायचं, बाबा म्हटलं की कुणीतरी ओ देतंय. परक्यांशी सूत जमवणं ही तुमची नोकरी. आता घरीही तेच करावं लागणार, माझ्यामुळे.

तुमचा फोटो दाखवून रोज शिकवते. काल म्हणाली, "हे पण बाबा? मग आपल्या बाबांना काय म्हणू?"

"काका म्हण."

तिनं अंगणात भाऊजींना काका म्हणून हाक मारली. ते वळलेच नाहीत. रडत माझ्याकडे आली. "आई, हे फोटोतले बाबा परत कधी जाणार गं?"

तिला रागवायला हवं होतं. पण तुमची तार आली तेव्हापासून मीही मनात तेच विचारतेय.

तुमची,
वसुधा