वन्संचं पान

२ सप्टेंबर
लग्नाला चार दिवस झाले आणि सासर आवडलंय, हे लिहून ठेवते. पुढे भांडणात उपयोगी पडेल. खाली सासऱ्यांचं फोटोफ्रेमचं दुकान, वर आम्ही. दिवसभर काच कापल्याचा आवाज आणि डिंकाचा वास. राग नाकाच्या शेंड्यावर असतो, तो काही दिवस तरी माहेरी ठेवून जा, असं आईनं बजावलं होतं. ठेवलाय. बैठकीत हार घातलेले तीन फोटो आहेत: आजेसासरे, आजेसासूबाई आणि यांची मोठी बहीण. सहा वर्षांपूर्वी गेली म्हणे. कशानं, ते विचारलं तर सासूबाईंना गॅसवरचं दूध आठवलं.

६ सप्टेंबर
दुपारी सगळे खाली असताना फोन आला. बाईचा आवाज, अगदी बारीक. म्हणाली, भिंतीवरच्या तिसऱ्या फोटोतली मीच.
झापणारच होते. पण तिनं स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या तुटक्या कडीसकट सगळं घर सांगितलं. वन्सं जिवंत आहेत! मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून बापानं जिवंतपणीच त्यांचे पिंड दिले, आणि दर वर्षी पितरांबरोबर त्यांचंही पान वाढतात. त्यानंतर आठ-आठ दिवस त्यांना अन्न जात नाही, दुकानदार त्यांच्याकडे बघत नाहीत. यंदा तर त्यांच्या नवऱ्यालाही त्यांच्या हाका ऐकू येईनाशा झाल्यात. अकरा तारखेला माझं पान वाढू देऊ नकोस, नाहीतर मी उरत नाही, म्हणाल्या.

८ सप्टेंबर
यांना विचारलं. हे पट्टीला खिळे मारत राहिले. बाबांपुढे कोण बोलणार, म्हणे. शेळपट! सासरे शांतपणे म्हणाले, की ती मेली, आणि गेलेल्यांचं करणं हे आपलं कर्तव्य.
पितरांचं मीही मानते. आजीच्या नावानं पाणी सोडताना माझे डोळे भरतात. आठवण ठेवायला असतं ते, सूड उगवायला नव्हे, असं तोंडावर सांगितलं. माहेरी ठेवलेला राग पत्ता शोधत आला.

११ सप्टेंबर
वाढलंच शेवटी! गच्चीवर तीन पानं. दोन पानांना कावळे लगेच शिवले. गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वन्संच्या पानाला सहा वर्षांत एकदाही शिवला नव्हता. आज मात्र एक जण सरकत सरकत निघाला. मी धावले, पान ओढलं आणि सगळ्यांसमोर मांडी घालून शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. काय करायचं ते करा, म्हटलं.
कोणी ओरडलं नाही. सासूबाई तेवढ्या तोंडाला पदर लावून रडल्या.

१२ सप्टेंबर
वन्संचा फोन. सहा वर्षांनी या दिवसांत पोटभर जेवल्या. रडत होत्या, हसत होत्या. मी बोलत होते, त्या मात्र हॅलो हॅलोच करत राहिल्या.
रात्री सासूबाई माझं ताट मांडायला विसरल्या.

१४ सप्टेंबर
भाजीवाल्यानं माझ्या मागच्या बाईला आधी दिलं. भांडले. त्यानं वळूनही —
यांच्या कानाशी ओरडले. यांनी करंगळीनं कान खाजवला. घास उतरत नाही.

१६ सप्टेंबर
खाली आमच्या लग्नाचा फोटो. सासऱ्यांनी मधोमध कापला. माझ्या अर्ध्याला चौकट. आणि हे ती धरून उभे! नालायक! मी काच फोडली.
मांजर असेल, म्हणाले.

२० सप्टेंबर
दहावा. माझा. गच्चीवर एकच पान.
कावळे बसलेत, शिवत नाहीत. शिवतील कसे? राग आहे ना अजून! त्याच्याच जोरावर ही वही धरलीय.
सासरे हात जोडून विचारताहेत, काय राहिलं म्हणून. तुझ्या नवऱ्याला सांभाळू, म्हणतात. सांभाळा! कावळा हलत नाही. शाबास.
सासूबाई पुढे आल्या. सासऱ्यांना बाजूला सारून. लेकीला घरी आणीन म्हणतात. तिचा फोटो आजच उतरवीन —
सासरे मान डोलावताहेत. हो म्हणाले.
एवढंच तर मला —
नको. आत्ता नको. राग धरून ठेवायला हवा. तो फोटो आठवायचा, यांनी धरलेला. कुणी कापला — काय कापलं — आठवत नाही —
कावळ्यानं चोच